अढी

आज मल्लखांबावर साधी अढी जमली. डोकं खाली, पाय वर, सगळा भार मांड्यांच्या पकडीवर. खांबाला एरंडेल चोळलेलं. पकड जरा सैल पडली की सरकन खाली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट देवधरांनी नावारूपाला आणलेली ही विद्या, चपळ अंगाची. पन्नाशीतल्या बाईचं इथे काय काम, असं मन रोज विचारायचं. शेजारच्या खांबावर पोरं भराभर चढत, तेव्हा तर जास्तच. वयाचा अडसर नाही, असं कुणी कितीही समजावलं तरी मनाला पटत नाही, हे मी ठामपणे सांगेन. मला धीर दिला तो मांड्यांनी. आधी काळ्यानिळ्या पडल्या, मग हळूहळू घट्ट झाल्या. संध्याकाळी शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "आता हात सोडा." भीती होतीच, तरी सोडले. धरून राहिले! उद्या आणखी थोडा वेळ थांबायचं.