मध्येच लागणारा दिवा

पावसाळ्यात आमच्या जुन्या गाडीचा बॅटरीचा लाल दिवा मध्येच लागायचा. गॅरेजमध्ये नेली की गायब! दोघांनी सांगितलं, "सर, बॅटरी बदला." बदलली. दिवा तसाच.

तिसऱ्याने आधी विचारलं, "नेमका कधी लागतो?" मग मी वहीत लिहू लागलो: खड्डा, पाऊस, हेडलाइट चालू. वही वाचून त्याने मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास हवेत. अल्टरनेटरकडून येणारी वायर हलवली की १२ वर यायचे. टोक सैल, हिरवट गंजलेलं. घासलं, नट आवळला, झालं.

माझ्या वर्गातली एक मुलगी घरी पाढे घडाघडा म्हणते, वर्गात अडते. "सराव कमी पडतो," असं मी तिच्या आईला सांगून मोकळा झालो होतो. आता तिचीही वही केलीय. आठवड्यात तीनदा अडली. तिन्ही वेळा मी तिच्या बाकाशेजारी उभा होतो.