भट्टीआधीची झोप

बेकरीचा दिवस मध्यरात्री सुरू होतो. देवळाली कॅम्पात उजाडायच्या आत पाव दुकानांत पोचावा लागतो. हिवाळ्यात इथल्या थंडीत पीठ लवकर फुगत नाही, तेव्हा मळायला आणखी आधी बसावं लागतं. उरेल तेवढी झोप घ्यायची, हाच या धंद्याचा रिवाज. माझं मत उलटं आहे. झोपेचे तास आधी बाजूला काढावेत, मग भट्टीची वेळ बसवावी.

असं का, ते माझ्या वहीत दिसतं. रात्री सुचलेलं आणि झोपून उठल्यावर सुचलेलं मी वेगळं लिहितो. रात्रीच्या पानांवर बहुतेक काटछाटच असते: खारीतलं लोणी कमी करू, नानकटाई लहान करू, एक कारागीर कमी करू. थकल्या, चिडल्या मनाला खर्चच दिसतो. सकाळच्या पानांवर गिऱ्हाईक येतं. सॅनिटोरियममध्ये हवापालटाला आलेल्या आजोबांसाठी कमी साखरेचा टोस्ट. तोफखान्याच्या प्रशिक्षणाला आलेल्या जवानासाठी, रजेवर गावी नेताना गाडीत चुरा होणार नाही असं नाचणीचं बिस्कीट. माल तोच, भट्टी तीच. मन तेवढं ताजं.

जर्मनीतल्या ल्युबेकच्या संशोधकांनी २००४ साली ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. आकड्यांच्या कोड्यात दडलेली सोपी युक्ती, कोडं हाताळून मग ८ तास झोपलेल्यांना जागे राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात सापडली. आधी कोडं, मग झोप, हा क्रम मला मोलाचा वाटतो.

नुसता आराम पुरत नाही, हे या गावाने पाहिलं आहे. ब्रिटिश अमदानीत मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत इथे महिनोन्महिने रिकामे बसत. आराम होता, काम नव्हतं. कंटाळ्याने कित्येकांची मनं बिघडली. म्हणून पाठ टेकण्याआधी मी मनाला एकच प्रश्न देतो, आणि उधारीचा, भांडणाचा विषय रात्री काढत नाही.

पीठ मळायची रात्र आता मी आणि मुख्य कारागीर आळीपाळीने घेतो. धंदा काढणाऱ्या पोरांना मी सांगतो, भांडवल, जागा, भट्टी यांच्या हिशेबात मालकाच्या झोपेचीही ओळ लिहा. पीठ मळायला माणूस पगारावर मिळतो. उद्या गिऱ्हाइकाला काय हवं असेल, हे मालकालाच सुचावं लागतं.