‘व्हर्टिगो’चे सर्पिल आणि ब्राउझरचा पडदा

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) या चित्रपटाची श्रेयनामावली सॉल बास यांनी आखली. अगदी जवळून दिसणारा स्त्रीचा चेहरा, मग डोळा आणि त्या डोळ्यातून गरगरत वर येणारे सर्पिल, अशी तिची रचना आहे. ही सर्पिले जॉन व्हिटनी यांनी तयार केली. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांचा नेम साधणारे यांत्रिक गणनयंत्र त्यांनी त्यासाठी कामाला लावले होते. त्यामागचे गणित त्याहून जुने: एकमेकांना काटकोनात असलेली दोन कंपने एकत्र आली की जी आकृती उमटते, ती फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ज्यूल लिसाजू यांच्या नावाने ओळखली जाते.

एका ग्राफिक डिझायनरच्या पोर्टफोलिओ वेबसाइटसाठी प्रस्तुत लेखकाने केलेले परस्परसंवादी दृश्य याच गणितावर उभे आहे. चित्रपटातली फ्रेम किंवा पोस्टर त्यात घेतलेले नाही. त्यांवर मूळ निर्मात्यांचा हक्क असतोच. शिवाय ओळखीचे चित्र समोर आले की पाहणाऱ्याला चित्रपट आठवतो आणि ज्याची वेबसाइट आहे तो बाजूला पडतो. चित्रपटाकडून घ्यायची ती हालचालीची रीत.

बिंदूचे आडवे स्थान एका साइन फलनाने ठरते, उभे दुसऱ्याने. दोन वारंवारतांचे गुणोत्तर ३:२ असेल तर रेघ फिरून स्वतःलाच येऊन मिळते आणि आकृती जागच्या जागी राहते. ३ च्या जागी ३.०१ घातले की दोन कंपनांमधले कलांतर हळूहळू सरकू लागते आणि सपाट पडद्यावरची आकृती त्रिमितीत कूस बदलत असल्याचा भास होतो. एवढ्याशा फरकाने रेघेत जीव येतो. सगळ्या कामात याहून आनंदाचे काही नव्हते.

पाहणाऱ्याचा माउस हे कलांतर बदलतो. माउसची जागा आकृतीला थेट जोडली तर ती दचकत हलते. म्हणून कलांतर दर फ्रेमला नव्या जागेकडे थोडेसेच सरकवले जाते. हात थांबला तरी आकृती क्षणभर वाहत राहते. मोबाइलवर हेच काम बोट करते.

सिनेमागृहात सेकंदाला २४ फ्रेम ठरलेल्या. ब्राउझरचे तसे नाही. काही पडदे सेकंदाला ६० वेळा रंगवले जातात, काही १२० वेळा. हालचाल फ्रेमच्या संख्येवर बेतली तर दुसऱ्या पडद्यावर तीच आकृती दुप्पट वेगाने पळेल. त्यामुळे सरकण्याचे माप दोन फ्रेमच्या मध्ये उलटलेल्या वेळेवरूनच काढावे लागते.

फिरत्या आकृतींनी काही जणांना खरोखरच गरगरते, मळमळते. अशांसाठी संगणकात आणि मोबाइलमध्ये हालचाल कमी करण्याची सेटिंग असते आणि ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ या सीएसएस सूचनेतून ती वेबसाइटला कळते. सेटिंग चालू असेल तर येथे फक्त एक स्थिर वक्र दिसतो. ही सोय शेवटी वेळ उरला तर करायची गोष्ट नव्हे. भोवळीवर बेतलेल्या दृश्यात ती आराखड्यातच असली पाहिजे.

डिझायनरचे कोणतेही काम उघडले की आकृती थांबते आणि पडद्यावरून जाते. मुख्यपृष्ठाखेरीज वेबसाइटवर ती कुठेही नाही.