पुढची डिस्क 180ची

आज ठरवून टाकलं. सायकलच्या पुढच्या चाकाला 160ऐवजी 180 मिलिमीटरची ब्रेकची डिस्क बसवायची. मागची आहे तीच राहू द्यायची. ब्रेक लावला की भार पुढे येतो, मागचं चाक हलकं पडून लगेच घसरतं. तिथे जास्त जोर देऊन उपयोग नाही.

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम-पवनारच्या सपाट रस्त्यावर मोठ्या डिस्कची गरज नाही. पण गिरडच्या टेकडीवरून किंवा गरमसूरच्या बाजूने उतरताना टायरखाली सुटा मुरूम सरकतो, तेव्हा एका बोटाने, अगदी मोजून ब्रेक लावता यायला हवा. 180च्या डिस्कमुळे त्याच दाबाला सुमारे साडेबारा टक्के जास्त जोर मिळतो. बोट आवळावं लागत नाही, म्हणून हात थकत नाही.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. सायकलसह 90 किलो वजन एकाच वेगाने 100 मीटर खाली आणायचं, तर जवळपास 88 किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते आणि तिचा मोठा वाटा ब्रेकवरच येतो. मोठ्या डिस्कला धातू जास्त, हवा लागायला जागाही जास्त. वर्ध्याच्या मे महिन्यात, हवाच पंचेचाळीस अंशांना टेकते तेव्हा, ही सवलत मला मोलाची वाटते.

203ची मात्र नको. ती लवकर वाकते, आणि प्रत्येक फोर्कला चालतही नाही. कंपनीने दिलेली मर्यादा बघायची, कॅलिपरसाठी योग्य ॲडॅप्टर घ्यायचा, नवी डिस्क आधी मोकळ्या रस्त्यावर रुळवायची. शेवटी पकड टायरचीच. चांगला ब्रेक मला वेगासाठी नको, समोर गुराखी आला तर वेळेत थांबण्यासाठी हवा.