कागदावर न उतरलेल्या रेघा

सप्टेंबर महिन्यातली रविवारची सकाळ. ठाण्यातील एका ६४ बिऱ्हाडांच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा गच्चीवरच्या मांडवात भरली होती. खजिनदारपदी प्रथमच एका गृहिणीची निवड झालेली. वर्षभराचा हिशेब तिने मोठ्या हौसेने संगणकावर, एक्सेलमध्ये मांडला होता. आधीच्या खजिनदारांच्या वह्या कुणाला लागत नसत. त्यामुळे तिने वाटलेले स्वच्छ छापील कागद पाहून सभासदांनी कौतुकाने माना डोलावल्या.

सचिवांनी चष्मा सावरला आणि थकबाकीची यादी वाचायला घेतली. २५ नंबर निरंक. २६ नंबर निरंक. मग जरा थांबून ते म्हणाले, "२७ नंबर, अठरा हजार चारशे."

मांडवात एकदम शांतता पसरली. २७ नंबरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. सारी सोसायटी त्यांना बाई म्हणते. महिन्याच्या पाच तारखेच्या आत मेंटेनन्सचा चेक देणाऱ्या म्हणून त्यांची ख्याती. बाई उभ्या राहिल्या. पर्समधून रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. बोलल्या मात्र काहीच नाहीत.

चूक पाच मिनिटांत उमगली. सचिवांची नजर एक ओळ खाली घसरली होती. ती रक्कम वर्षभर कुलूप असलेल्या २८ नंबरची होती. सचिवांनी हात जोडून माफी मागितली. पण चारचौघांत एकदा उच्चारलेला आकडा परत कसा घेणार? सभा संपल्यावर बाई चहालाही थांबल्या नाहीत.

त्या रात्री खजिनदारीणबाईंना जेवण गेले नाही. आकडे बरोबर, बेरीज बरोबर, मग चुकले कुठे? सासरे जेवून खुर्चीत बसले होते. सहकारी बँकेत त्यांनी ३४ वर्षे खातेवह्या सांभाळल्या होत्या. त्यांनी तो कागद मागून घेतला, दिव्याखाली धरला आणि विचारले,

"सूनबाई, यात रेघा कुठं आहेत?"

"आहेत ना बाबा, स्क्रीनवर दिसतात."

"मग कागदावर का नाही आल्या?"

या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. एक्सेल उघडले की दिसणाऱ्या फिकट रेघा म्हणजे ग्रिडलाइन्स. त्या केवळ लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी असतात आणि आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय छापल्या जात नाहीत. महिनोन्‌महिने त्या रेघांच्या आधाराने तिने काम केले होते. वाचणाऱ्यांच्या हाती मात्र बारा रकाने आणि ६४ ओळी अशा निराधार अवस्थेत पडल्या होत्या.

सगळ्याच रेघा ओरडतात तेव्हा

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हट्टाने बसली. एकेक सेल निवडायचा, माऊसने बॉर्डरच्या बटणावर जायचे, रेघ मारायची, पुढच्या सेलवर यायचे. दोन तास हाच उद्योग चालला. काही रेघा जाड झाल्या, काही बारीक, काही राहूनच गेल्या. शेवटी कंटाळून तिने सगळीकडे ठळक चौकटी मारून टाकल्या आणि कागद बाबांपुढे ठेवला.

बाबा हसले. "ही तर खिडकीची जाळी झाली. आता सगळ्याच रेघा ओरडतायत. वाचणाऱ्यानं कुणाचं ऐकायचं?"

मग त्यांनी आपल्या जुन्या खातेवह्यांची आठवण सांगितली. लाकडी गोल रूळ आणि लाल शाई वापरताना प्रत्येक रेघ हिशेबाने मारावी लागे, कारण मारलेली रेघ पुसता येत नसे. नाव आणि रक्कम यांच्यामध्ये एक उभी रेघ. बेरजेच्या वर एकेरी रेघ. अखेरच्या बेरजेखाली दुहेरी, म्हणजे हिशेब इथे मिटला. लांबलचक यादी असली, तर दर पाच ओळींनंतर एक रेघ, म्हणजे नजरेला पायरी मिळते आणि ती घसरत नाही.

"रेघ शोभेसाठी नसते," बाबा म्हणाले, "वाचणाऱ्याचं बोट धरण्यासाठी असते."

संगणकाचा इतिहास पाहिला, तर तिथेही रेघ उशिराच आली. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिजिकॅल्क हा प्रोग्रॅम ॲपल दोन या संगणकावर आला. कागदावरचे आखीव तक्ते त्याने पडद्यावर आणले. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ मध्ये बेरजेखाली रेघ हवी असली, तर त्या ओळीचे सेल चक्क छोट्या आडव्या चिन्हांनी भरून काढावे लागत. एक्सेल १९८५ मध्ये प्रथम मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. आज रेघ मारणे इतके सोपे झाले आहे, की ती कुठे मारायची याचा विचारच राहून जातो.

काम दोन तासांचे, झाले पाच मिनिटांत

कुठे मारायची ते सासऱ्यांनी सांगितले. चटकन कशी मारायची ते कॉलेजात जाणाऱ्या मुलाने दाखवले.

"आई, आधी सगळे आकडे भरून घे. रेघा अगदी शेवटी," हा त्याचा पहिला धडा. कारण सेल कॉपी केला किंवा ओढून खाली भरला, की त्याच्या रेघाही सोबत जातात आणि केलेली आखणी विस्कटते.

मग त्याने तक्त्यात कुठेही क्लिक करून कंट्रोल आणि ए ही बटणे दाबली. मध्ये रिकामी ओळ किंवा रकाना नसल्याने संपूर्ण तक्ता एका दमात निवडला गेला. कंट्रोल आणि १ दाबताच फॉरमॅट सेल्सची खिडकी उघडली. तिच्यात बॉर्डरचे पान असते. तिथे एक क्रम पाळावा लागतो : आधी रेघेचा प्रकार आणि रंग निवडायचा, त्यानंतर ती कुठे हवी ते बटण दाबायचे. आतल्या रेघांसाठी बारीक राखाडी, बाहेरच्या चौकटीसाठी काळी. एकदाच ओके म्हटले आणि ६४ ओळी आखून झाल्या.

शीर्षकाच्या ओळीखाली एक ठळक रेघ आली. बेरजेच्या ओळीसाठी तर बॉर्डरच्या यादीत वर एकेरी आणि खाली दुहेरी अशी तयार जोडीच निघाली. ती पाहून बाबा खूष झाले. "म्हणजे आमची रीत यांनीही ठेवलीय तर!"

तेच काम दुसऱ्या ठिकाणी करायचे असेल, तर तो भाग निवडून एफ ४ दाबले, की शेवटची कृती पुन्हा होते. काही लॅपटॉपवर सोबत एफएन हे बटणही दाबावे लागते. केवळ बाहेरची चौकट हवी असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि ७. सगळ्या रेघा पुसायच्या असतील, तर कंट्रोल, शिफ्ट आणि वजाबाकीचे चिन्ह.

एका ठिकाणी मात्र ती अडली. एका सेलची खालची रेघ काढली, तरी ती जाईना. मुलाने उलगडा केला. ती रेघ खालच्या सेलची वरची रेघ म्हणूनही मारलेली होती. दोन शेजाऱ्यांमधल्या सामाईक कुंपणासारखी. एकाने काढले, तरी दुसऱ्याचे उरते. दोन्ही सेल एकत्र निवडून रेघ काढली, तेव्हा ती गेली.

राहिली दर पाच ओळींची पायरी. त्यासाठी कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये नियम घातला : अनुक्रमांकाला पाचाने निःशेष भाग गेला, की त्या ओळीखाली गडद रेघ यावी. या मार्गाने जाड रेघ मारता येत नाही, पण फिकट रेघांमध्ये बारीक गडद रेघही उठून दिसते. शिवाय मध्ये एखादी ओळ वाढवून अनुक्रमांक नीट केले, की पायऱ्या आपोआप जागेवर येतात.

शेवटी त्याने व्ह्यूमध्ये जाऊन ग्रिडलाइन्सची खूण काढून टाकली. पडद्यावरच्या फसव्या रेघा नाहीशा झाल्या आणि कागदावर खरोखर उतरणार होत्या तेवढ्याच उरल्या. छापण्याआधी प्रिव्ह्यू पाहून तिने खात्रीही करून घेतली.

संध्याकाळी नवा कागद घेऊन ती २७ नंबरची बेल वाजवायला गेली. हात जरा थरथरत होता. बाईंनी दार उघडले, कागद घेतला आणि काही न बोलता खिडकीपाशी नेला. आपल्या नावावर त्यांनी बोट ठेवले. बारा रकाने ओलांडत ते बोट सावकाश उजवीकडे सरकत गेले, कुठेही न अडखळता नेमके 'निरंक' या शब्दावर येऊन थांबले.

ती श्वास रोखून उभी होती.

बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली. "दुरुस्ती खर्चातला दु ऱ्हस्व असतो गं, तू दीर्घ लिहिलायस," त्या म्हणाल्या आणि समासात बारीकशी खूण केली. मग कागदाची व्यवस्थित घडी घालून त्यांनी तो पावत्यांच्या गठ्ठ्यात ठेवला.

"उभी का? बस. चहा टाकते."