लिव्हर रायफलीची पारख

तीर्थरूप मामांस,


जुनी लिव्हर अ‍ॅक्शन रायफल निवडताना बहुतेक लोक नाव आणि साल पाहतात, पण तिची खरी ओळख तिच्या पोटातल्या कुलपात असते. चापाभोवतीचे कडे, म्हणजेच लिव्हर, खाली ओढले की नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट मागे सरकतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि घोडा चढतो. कडे वर घेतले की मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत बसते. ही क्रिया साऱ्या रायफलींत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो एवढ्यात, की दारू पेटताच मागे उसळणारा दाब बोल्ट कशाच्या आधाराने थोपवतो. आपल्या मनात १८७३ ची विंचेस्टर भरली आहे आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र पैसे मोजण्यापूर्वी तिला आणि तिच्या आगेमागे आलेल्या रायफलींना हा एक प्रश्न विचारावा, असा या पत्राचा आग्रह आहे.

या घराण्याचा आरंभ बेंजामिन टायलर हेन्री यांच्या १८६० च्या पेटंटपासून धरला जातो. मूळचे शर्टांचे कारखानदार असलेले ऑलिव्हर विंचेस्टर कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे जो बंदुकीचा कारखाना चालवत, त्यात हेन्री काम करत होते. त्यांच्या रायफलीत नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक बसत. परंतु मॅगझिनला खालून उभी चीर असल्याने आत धूळमाती जाई आणि नळीखाली लाकूड नसल्याने डावा हात पोळे. १८६६ च्या विंचेस्टरने हे दोन्ही दोष दूर केले. नेल्सन किंग यांनी सुचवलेल्या बाजूच्या झडपेतून काडतुसे भरता येऊ लागली, मॅगझिन बंद झाले आणि पुढे लाकडी मूठ आली. १८७७ मध्ये प्लेव्हना येथे तुर्की सैनिकांनी रशियन फौजेवर जो भडिमार केला, त्यात या रायफलीचाही वाटा होता.

१८७३ च्या रायफलीत बोल्ट आणि यंत्रणा सामावणाऱ्या पितळी चौकटीच्या जागी लोखंडी चौकट आली आणि तिच्यासाठी .४४-४० हे काडतूस तयार झाले. या नावातला पहिला आकडा गोळीची जाडी इंचाच्या शतांशात सांगतो आणि दुसरा काळ्या दारूचे वजन ग्रेनमध्ये. पुढे कोल्टचे रिव्हॉल्व्हरही याच काडतुसासाठी मिळू लागल्याने एकाच पट्ट्यातली काडतुसे दोन्ही हत्यारांना चालत, आणि वस्तीपासून दूर राहणाऱ्या माणसाला या सोयीचे मोल फार होते. तिची लोकप्रियता त्यातून आली. १९५० च्या, तिच्याच नावाच्या चित्रपटाने तिला झळाळी दिली ती फार नंतर. पण तिचे कुलूप हेन्रीचेच राहिले. बोल्टच्या मागे दुव्यांची जोडी असते, ती ताठ झालेल्या गुडघ्याप्रमाणे भार पेलते आणि कडे ओढताच दुमडते. ही रचना हाताला विलक्षण हलकी लागते, तिची चाल आजही मोहात पाडते, मात्र सौम्य काडतुसापलीकडचा भार तिने पेलावा अशी अपेक्षा करू नये.

हा पेच सोडवला तो युटामधील ऑग्डेनच्या जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी. १८८६ च्या रायफलीत त्यांनी बोल्टच्या दोन्ही अंगांना उभ्या सरकणाऱ्या पोलादी पट्ट्या दिल्या. कडे बंद झाले की त्या वर चढून बोल्ट आणि चौकट यांना एकत्र जखडतात, त्यामुळे .४५-७० सारखे दणकट काडतूसही तिला पेलते. १८९२ ची रायफल म्हणजे हीच रचना लहान काडतुसासाठी आटोपशीर केलेली. पडद्यावर आधीच्या काळातल्या कथांतही पुष्कळदा हीच रायफल दिसते. १८८० च्या सुमाराची कथा सांगणाऱ्या ‘स्टेजकोच’मध्ये जॉन वेन यांच्या हाती तीच आहे. लिव्हरची गुळगुळीत चाल आणि कुलपाची ताकद यांचा इतका सुरेख मेळ दुसरीकडे क्वचितच आढळतो, त्यामुळे १८७३ चे आकर्षण ज्याला आहे त्याने १८९२ हाताळल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

१८९४ ची रायफल मात्र खऱ्या अर्थाने कामकरी माणसाची. १८९५ मध्ये तिला .३०-३० हे धूरविरहित दारूचे काडतूस मिळाले आणि हरणाच्या शिकारीसाठी अमेरिकेत तिचे नाव घरोघरी झाले. तिच्या बाबतीत १९६४ हे साल ध्यानात ठेवावे, कारण त्या वर्षी खर्च कमी करण्यासाठी काडतूस उचलणारा भाग पत्र्याचा झाला, भरीव पिनांच्या जागी पोकळ पिना आल्या आणि चौकटीचा धातूही बदलला. जुन्या आणि नव्या रायफली शेजारी ठेवून पाहिल्या की हा बदल हातालाही कळतो.

नळीच्या आकाराच्या मॅगझिनची एक मूळचीच मर्यादा आहे: मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्याच्या टोपीला टेकलेले असते, म्हणून टोकदार गोळी धोक्याची ठरते आणि चपटी वापरावी लागते. जमैकात जन्मलेल्या आर्थर सॅव्हेज यांच्या १८९९ च्या रायफलीत काडतुसे फिरत्या पितळी चक्रात वेगवेगळ्या खाचांत बसतात, त्यामुळे टोकदार गोळी निर्धास्त वापरता येते. घोडा आत दडलेला असतो आणि चौकटीच्या डाव्या अंगाच्या बारीक खिडकीत उरलेल्या काडतुसांचा आकडा दिसतो. माझ्या मते या साऱ्या परंपरेत सर्वांत विचारपूर्वक घडवलेली रायफल हीच, आणि एकच घ्यायची असेल तर तिचाच विचार आधी व्हावा. दुर्बीण बसवायची असल्यास जुनी विंचेस्टर १८९४ अडचणीची, कारण ती रिकामे काडतूस वरून फेकते. १९४८ ची मार्लिन ३३६ ते बाजूने फेकते.

कायद्याची एक बाब उपयोगी पडेल: १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अमेरिकेच्या संघीय कायद्यात प्राचीन वस्तू मानली जाते, राज्यांचे नियम मात्र वेगळे असू शकतात. प्रत्यक्ष पाहताना रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळीत उजेड टाकावा आणि आतले चर गंजाने खाल्लेले नाहीत ना ते पाहावे. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असतील, तर अडाणी हातांनी ती उघडलेली आहे. चौकटीवरचा निळसर काळा रंग जागोजाग विरलेला असला तरी मूळचा असेल, तर तो नव्याने चकचकीत केलेल्या रंगापेक्षा मोलाचा; कडा गोलावलेल्या आणि अक्षरे पुसट दिसली की पॉलिशच्या चाकाने धातू खाल्ला आहे असे समजावे. शेवटी, घोडा बाहेर असलेली रायफल असेल तर, तो अर्धवट ओढून अर्ध्या खाचेवर आणून चाप हलकेच दाबून पाहावा, आणि तो सुटला तर तिची किंमत कितीही उतरली तरी ती घेऊ नये.



आपला भाचा