परतीची रेषा

नेसरी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते परत न आलेल्या माणसांमुळे. उमराणीला कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला सोडून दिल्याबद्दल शिवाजी महाराजांनी सरनोबत प्रतापराव गुजरांना दोष दिला. तो त्यांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी ते सहा सोबत्यांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे सातही जण येथे कामी आले. कुसुमाग्रजांच्या कवितेने ही दौड घरोघरी पोचवली. या भागात वाढणाऱ्या मुलाच्या मनात पराक्रमाची व्याख्या त्यामुळे फार लवकर पक्की होते: शूर तो, जो मागे वळून पाहत नाही.

या व्याख्येविषयी मला पहिल्यांदा शंका आली ती कबड्डी पाहताना. 'चढाई' हा शब्द युद्धातलाच. नियम मात्र नेमका उलटा. चढाईपटू एकटा पलीकडे जातो, समोर सात गडी असतात. तीस सेकंदांत, दम न सोडता, कुणाला तरी टिपायचे आणि मध्यरेषा गाठायची. त्याने तिघांना शिवले आणि तेथेच पकडला गेला, तर ते तिघे बाद होत नाहीत. बाद होतो तो स्वतः, आणि गुण मिळतो समोरच्यांना. येथे धाडसाची मोजदाद परतल्यानंतरच सुरू होते.

आमच्या शेजारच्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईने ही मोजदाद देशाला करायला लावली. २०१८ साली प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांना घेतले आणि पदार्पणातच त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. उंचापुरा, आडदांड देह. तीन-चार बचावपटूंना अंगावर घेऊन तो मध्यरेषेकडे झेपावत असे. लोकांनी त्याला 'बाहुबली' म्हटले. २०१९च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. त्या हंगामातला तो सर्वांत महागडा खेळाडू ठरला. त्याही वर्षी त्याचे चढाईचे गुण २१७ झाले. त्या संघात त्याचा भाऊ सूरजही होता. पुढच्या हंगामात मात्र सिद्धार्थचा खांदा दुखावला आणि मोजक्या सामन्यांनंतर त्याला बाहेर बसावे लागले. ज्या खांद्यावर इतरांना ओढत आणायचे, तोच गेला.

ही केवळ आमच्या मातीची गोष्ट नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये 'रनिंग बॅक' नावाचा खेळाडू असतो. चेंडू काखेत दाबून समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत घुसणे हे त्याचे काम. जवळजवळ प्रत्येक धाव कुणाच्या तरी धडकेने संपते, म्हणून त्या खेळात याची कारकीर्द अतिशय तोकडी मानली जाते. डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या टेरेल डेव्हिसने १९९८च्या हंगामात २००८ यार्ड धाव घेतली. पुढच्याच हंगामात चौथ्या सामन्यात गुडघा निकामी झाला आणि पूर्वीचा डेव्हिस पुन्हा दिसला नाही. याउलट डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स. वॉल्टर पेटनच्या सर्वकालीन विक्रमाला फक्त १४५७ यार्ड उरले असताना, १९९९ साली, तिशीतच आणि धडधाकट असताना त्याने खेळ सोडला. अनेकांना हे पळून जाण्यासारखे वाटले. कबड्डीच्या भाषेत सांगायचे तर तो वेळेत मध्यरेषेवर परतला, एवढेच.

आमच्याकडे अशा परतण्याला मोल नाही. गडहिंग्लज-चंदगडच्या वाड्यावस्त्यांवर चाळिशी ओलांडलेले चढाईपटू पुष्कळ भेटतात. त्यांना मांडी घालून जेवायला बसता येत नाही, जिना उतरताना ते कठड्याला हात लावतात. त्यांना लोक विचारतात ते कुठल्या तरी जुन्या अंतिम सामन्यात एका चढाईत किती गडी टिपले ते; गुडघ्याचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही. लीगमधल्या खेळाडूला निदान लिलावातली रक्कम मिळते. गावच्या मैदानावर बक्षिसाची ढाल मंडळाच्या कपाटात जाते आणि दुखणे घरी येते.

यात प्रतापरावांची थोरवी कमी करण्याचा हेतू नाही. पण त्या दिवसाकडे रायगडावरून पाहिले तर काय दिसते? राज्याभिषेकाला जेमतेम साडेतीन महिने उरले होते आणि स्वराज्याने आपला सरनोबत गमावला होता. पुढे ती जबाबदारी हंबीरराव मोहित्यांवर आली, आणि प्रतापरावांची मुलगी जानकीबाई राजाराम महाराजांना देऊन महाराजांनी तिला आपल्या घरात आणले. दोष देणाऱ्याला प्रतापराव परत हवे होते, असाच याचा अर्थ मी लावतो.

सिद्धार्थ मैदानात परतला. २०२३च्या लिलावात हरियाणा स्टीलर्सने त्याला एक कोटी रुपयांना घेतले, तेव्हा पहिल्या हंगामातल्या त्या झेपांशी त्याची तुलना पुन्हा सुरू झाली. मला त्या २१८ गुणांइतकेच मोल त्या मधल्या काळाचे वाटते, ज्याची कुठेही गुणपत्रिका नाही: रोज सकाळी दुखरा खांदा थोडा अधिक वर उचलून पाहण्याच्या काळाचे. तीही चढाईच होती, आणि ती करणारा परत आला.